कार्बोरेटरचा स्क्रू आणि दिल्लीचे हुकूम

दिल्लीच्या जुन्या मिस्त्र्याला गाडीचं मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, लावायला सांगितलं, की बॉनेट उघडण्याआधी तो एक प्रश्न विचारायचा : गाडी चालवतं कोण? घरचं माणूस चालवत असेल तर 'तेल', म्हणजे पेट्रोल, जरा सढळ. पगारी ड्रायव्हर असेल तर बेताचं. टॅक्सी असेल तर इतकं कमी, की पुलाच्या चढावर इंजिन कुरकुरलं तरी चालेल, पण ॲव्हरेज निघालंच पाहिजे.

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. पुस्तकात 'तेल किती' या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. पण इंजिन पुस्तक वाचत नाही. जोर हवा असेल तर त्याला हवा कमी, म्हणजे साडेबारा-तेराच्या आसपास लागते. काटकसर हवी असेल तर पंधरा-सोळापर्यंत जाता येतं. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं, हे माणूस ठरवतो. दिल्लीत हा ठरवणारा माणूस वेळोवेळी बदलत गेला. आमच्या अण्णांच्या १९७४ च्या फियाटवरचा पितळी स्क्रू त्यातल्या बहुतेकांच्या सांगण्यावरून फिरलेला आहे, म्हणून हा इतिहास सांगायचा मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालते.

पेट्रोलचा फवारा करून तो हवेत मिसळायची युक्ती युरोपात एकाच सुमारास दोन ठिकाणी सुचली. १८९३ मध्ये बुडापेस्टला बांकी आणि चोंका या जोडीनं पेटंट घेतलं, आणि जर्मनीत डाइमलरचा सहकारी मायबाख याचा फवाऱ्याचा कार्बोरेटरही त्याच वर्षीचा. तत्त्व साधं आहे. हवा अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारच्या कटोरीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. बर्नुलीचा नियम शिकवताना मी मुलांना कागदावर फुंकर मारायला लावायची आणि मग सांगायची, की यावर शंभर वर्षं जगाच्या मोटारी चालल्या.

त्या भोकाचं काय करायचं, यावरून पुढे दोन घराणी झाली. पॅरिसच्या गुदार आणि मेनेसाँ यांनी १९१० च्या सुमारास सोलेक्स काढला. त्यात भोकं ठरलेली असतात, म्हणजे ठराविक मापाचे जेट, आणि आयडलिंगपुरता, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानापुरता, एक स्क्रू. इंग्लंडच्या स्किनर बंधूंच्या एसयूमध्ये गळाच लहान-मोठा होतो : हवा जितकी जास्त तितका पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून तितकी बाहेर येते. स्किनरांचं घराणं चपला-बुटांच्या व्यापारातलं, त्यामुळे त्यांच्या पहिल्या नमुन्यात पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. आपल्याकडे ॲम्बॅसडरवर बराच काळ एसयू असे, फियाटवर सोलेक्स. या दोन घराण्यांचे मिस्त्रीही निराळे. एसयूवाला पिस्टन बोटानं केसभर उचलून बघायचा : इंजिन तेज झालं तर तेल जास्त, बसलं तर कमी, क्षणभर तेज होऊन पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. सोलेक्सवाल्याकडे अशी सोय नव्हती. त्याचा सगळा भरवसा कानावर.

दिल्लीत आधी आल्या त्या राजेरजवाड्यांच्या मोटारी. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारासाठी संस्थानिक आणि लाटसाहेब जमले, त्यांच्या ताफ्यात रोल्स-रॉइस होत्या. त्या काळच्या रोल्समध्ये मिक्स्चर लावायला बॉनेट उघडावंच लागत नसे. स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध एक छोटी दांडी असायची, एका टोकाला 'कमजोर', दुसऱ्याला 'जोरदार' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले. गाडी चालता चालता शोफर ती सरकवायचा. म्हणजे पहिला हुकूम चालवणाऱ्याचा होता, आणि पेट्रोलचा हिशोब विचारणारं वर कुणी नव्हतं.

मिक्स्चर लावायचा धंदा गल्लीत आला तो फाळणीनंतर. लाहोर, रावळपिंडी, सियालकोटहून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी काश्मिरी गेटपाशी सुट्या भागांची दुकानं थाटली आणि तिथे देशातला एक मोठा मोटारपार्टचा बाजार उभा राहिला. तिथून मोरी गेटकडे वळलं की गोखले मार्केट लागतं. नाव वाचून मराठी माणूस थबकतो. आत मात्र सगळा पंजाबी कारभार, आणि पिस्टन रिंगपासून जेटपर्यंत काय हवं ते. मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान मायापुरीला. आख्खा कार्बोरेटर तिथे किलोच्या भावात निघालेला असायचा आणि नारळ निवडावा तसा मिस्त्री तो हलवून, कानाशी नेऊन निवडायचा.

आमची गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, वर खाली-तोंड्या सोलेक्स. कागदोपत्री नाव काहीही असो, घरी-दारी ती फियाटच. अण्णा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले, आम्ही आधी करोल बागेत आणि मग सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिलो, मी पहाडगंजच्या नूतन मराठीत शिकले. गाडीसाठी नाव नोंदवून नंबर लागायला तेव्हा वर्षं जायची. नंबर लागला आणि काही दिवसांतच अण्णा ती घेऊन करोल बागेतल्या एका गल्लीत गेले, कारण 'कारखान्याचं सेटिंग कारखान्याच्या हवेचं असतं' असं त्यांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं.

त्या गल्लीतले आमचे उस्तादजी सियालकोटकडचे सरदार. दुकान म्हणजे एक टीनचं शेड, एक बाकडं, आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलेले पार्ट. त्यांचा पहिला नियम असा, की कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, मग प्लग काढून तोंड बघायचं. "बाबूजी, दस में से आठ बार बीमारी बिजली की होती है, और लोग बेचारे कार्बोरेटर को खोल देते हैं." इंजिन तापलेलं हवं, एअर क्लीनर बसवलेला हवा. मग ते शेजारच्या दुकानातला रेडिओ बंद करायला लावायचे.

मिक्स्चरचा स्क्रू ते आधी हलकेच पूर्ण आत घ्यायचे. हलकेच, कारण त्याचं टोक निमुळतं असतं; जोर लावला तर टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कधीच सरळ बोलत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन चालू. आता एक-एक चतुर्थांश आत : आवाज पातळ होतो, मग इंजिन अडखळतं, गाडीचं अंग थरथरतं. तिथून उलट बाहेर : थरथर थांबते, चाल गोल होते, वेग थोडा चढतो. अजून बाहेर नेलं की आवाज जड होतो, लंगडल्यासारखा, आणि मागून डोळ्यांना झोंबणारा कच्च्या पेट्रोलचा वास येतो. या दोन्हींच्या मध्ये जिथे वेग सगळ्यात जास्त, तिथून अगदी किंचित आत. मग शेजारच्या दुसऱ्या स्क्रूनं आयडलिंग उतरवायचं, आणि सगळं पुन्हा एकदा. शेवटी लांब पेचकसचं टोक मॅनिफोल्डवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरायला मला सांगायचे. कागद एकसारखा बाहेर फडफडला तर ठीक. मध्येच आत ओढला गेला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा सिलिंडर मिस करतोय.

मुंबईच्या माणसाला दिल्लीच्या मिस्त्र्याची एक अडचण कळणार नाही. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ ला टेकतो आणि जानेवारीच्या पहाटे चार-पाचावर येतो. तापलेली हवा थंड हवेपेक्षा जवळजवळ बारा-तेरा टक्क्यांनी विरळ असते. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. गळ्यातला दाब कळतो, आणि तिथे हिशोब घनतेच्या वर्गमुळाचा होतो. म्हणून जानेवारीत नेमकं लावलेलं मिक्स्चर जूनमध्ये सहा-सात टक्क्यांनी जास्त तेलाचं होतं. उस्तादजींना वर्गमुळाशी कर्तव्य नव्हतं. दिवाळीच्या सुमारास थोडं उघडायचं, होळी झाली की थोडं मिटायचं, एवढा त्यांचा नियम, आणि माझं गणित नेमकं त्यालाच येऊन मिळायचं. मसुरीला निघालेली गाडी आली तर ते आधीच जरा आणखी मिटून द्यायचे, वर हवा आणखी विरळ म्हणून. उन्हाळ्यातलं दुसरं दुखणं मिक्स्चरचं नव्हतं, पण लोक दोष मिक्स्चरला द्यायचे : पंपात पेट्रोलची वाफ धरून गाडी भर रस्त्यात बंद पडायची. त्यावर उपाय एकच, पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या छोट्या पंपावर, ओलं फडकं. त्या काळात आयटीओच्या चौकात दुपारी बॉनेट उघडून बाटलीनं पाणी ओतणारे सभ्य गृहस्थ हे दिल्लीचं नेहमीचं दृश्य होतं.

आमची गाडी आली तीच मुळी तेलाच्या संकटात. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. दिल्लीतल्या बाबू लोकांनी एकदम एकच मागणी सुरू केली : तेल कमी करा. हा दुसरा हुकूम, खिशाचा. स्क्रू आत आत गेले. जेट लहान बसवले गेले. काहींनी तर भोकात तांब्याची तार घालून ते आणखी बारीक केलं. परिणाम दिसायला वेळ लागला नाही. हवा जास्त झाली की ज्वाला सावकाश जळते, व्हॉल्व्ह उघडला तरी जळतच असते, आणि कार्बोरेटरमधून फट् करून उलटा भडका येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचे. पेट्रोलमध्ये वाचवलेले पैसे हेड उघडण्यात जायचे, आणि खरं सांगायचं तर उस्तादजींचं त्या वर्षांत बरं चाललं. १९७८ मध्ये सरकारनं पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना काढली. तिचं दिल्लीतलं कार्यालय भिकाजी कामा प्लेसला. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरनं गाडी चालवा, इंजिन ट्यून ठेवा, असा तिचा प्रचार. गरीब स्क्रूवर सगळं ओझं टाकण्यापेक्षा हा सल्ला शहाणा होता, पण गल्लीत कुणी ऐकला असं मला आठवत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० निघाली. आठ-दहा वर्षांत गल्लीतल्या तरुण पोरांचे हात तिच्या नाजूक कार्बोरेटरवर आणि त्याच्या नळ्यांवर बसले. उस्तादजी तिला हात लावत नसत.

मग तिसरा हुकूम आला, तो कागदाचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आयडलिंगला चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त नको, अशी मर्यादा घातली. सायलेन्सरमध्ये नळी घालून आकडा दाखवणारी यंत्रं पंपांवर आली. नियमात एक भोक होतं : मोजणी फक्त आयडलिंगची. सोलेक्सवर आयडलिंगचा मार्ग वेगळा आणि रस्त्यावर धावतानाचा जेट वेगळा. तेव्हा मिस्त्र्यांनी दोन सेटिंग शिकून घेतली, एक प्रमाणपत्राचं आणि एक चालवायचं. तपासणीच्या सकाळी स्क्रू अर्धा फेरा आत, कागद हातात पडला की संध्याकाळी अर्धा फेरा बाहेर. एका पंपावर तर नळी न घालताच मला प्रमाणपत्र मिळालं होतं. आकडा मात्र दशांशापर्यंत छापलेला.

नियमाची थट्टा करणं सोपं आहे. मी तशी करत नाही, कारण त्या वर्षांतली दिल्लीची हवा मी श्वासात घेतली आहे. १९९६ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 'स्लो मर्डर' हे वाहनांच्या धुरावरचं पुस्तक काढलं, तेव्हा माझ्या वर्गात इनहेलर आणणारी मुलं होती. वकील एम. सी. मेहतांच्या हवाप्रदूषणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय १९८५ पासून सुनावणी करत होतं, आणि त्यातून एकामागून एक आदेश निघाले. शिसं गेलं : १९९४ ला कमी शिशाचं पेट्रोल चार महानगरांत, १९९५ पासून धूर साफ करणारा उत्प्रेरक बसवलेल्या नव्या गाड्यांना बिनशिशाचं, आणि सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत सगळंच बिनशिशाचं. मुलांच्या रक्तासाठी हे फार आधी व्हायला हवं होतं. गल्लीत त्याचा एक विचित्र परिणाम झाला. उस्तादजी प्लगच्या तोंडाचा रंग बघून मिक्स्चर ओळखायचे : बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे बरोबर, काजळी म्हणजे तेल जास्त, पांढरा म्हणजे कमी. हे रंग बऱ्याच अंशी शिशाच्या पेट्रोलचे होते. नव्या पेट्रोलनं प्लग वेगळेच दिसू लागले, आणि उभ्या हयातीत शिकलेली खूण म्हाताऱ्या माणसाला दगा देऊ लागली. "अब प्लग झूठ बोलता है बेटी," ते म्हणाले. त्यात पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ होतीच.

२९ एप्रिल १९९९ च्या न्यायालयाच्या आदेशानं राजधानी क्षेत्रात १ एप्रिल २००० पासून नव्या खासगी गाड्यांना युरो-२ हे धुराचं मानक बंधनकारक झालं. उत्प्रेरकाला मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ, तेही सतत हवं असतं. स्क्रूच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. नव्या मोटारींत सेन्सर आणि इंजेक्शन आले. कुर्ल्याची आमची गाडीही त्याच सुमारास बनायची बंद झाली. उस्तादजी गेले, त्यांचा नातू आता तिथेच स्कॅनर लावून बसतो, आणि फियाट मी स्वतः लावते. माझ्या भाच्यानं इंग्लंडहून कलरट्यून नावाचा काचेचा प्लग आणून दिला आहे. नेहमीचा प्लग काढून तो बसवायचा आणि अंधारात आत बघायचं. तेल जास्त असलं की सिलिंडरमध्ये नारिंगी ज्वाला लुकलुकते. स्क्रू आत घेत गेलं की नारिंगी विरतो आणि प्रयोगशाळेतल्या बुन्सन बर्नरचा निळा उमटतो. आणखी आत घेतलं की तोही फिका पडतो. निळा दिसला की थांबायचं. हा निळा दिसतो ती जागा आणि उस्तादजी डोळे मिटून थांबायचे ती जागा, यांत फरक पडलेला मला अजून आढळलेला नाही.

त्यानंतरचे हुकूम मिक्स्चरचे नव्हतेच, वयाचे होते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यावर मज्जाव केला, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. १ जुलै २०२५ ला तर पंपावर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधन न देण्याचा फतवा लागू झाला. आठवडाभरात तो पुढे ढकलला गेला. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, वीस हजार रुपये भरून, पाटीवर 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला बाहेर काढायची. भाजी आणायला नाही. म्हणजे चाळिशीतली फियाट कचरा आणि पन्नाशीतली वारसा. मधली दहा वर्षं ती झाकून ठेवायची, आणि झाकून ठेवलेल्या गाडीच्या कटोरीत पेट्रोल वाळून डिंक होतो, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं.

वारशाचे सण दिल्लीत आहेत. स्टेट्समन वृत्तपत्राची व्हिंटेज रॅली १९६४ पासून भरते. बाराखंबा रस्त्यावर थंडीच्या सकाळी चोक ओढून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये रेल्वे संग्रहालयाचा १९१४ चा जॉन मॉरिस अग्निशामक बंबही असतो, भरीव रबराच्या चाकांवर. गुडगावच्या पुढे तावडूला २०१३ मध्ये उघडलेल्या हेरिटेज ट्रान्स्पोर्ट संग्रहालयात फियाट-ॲम्बॅसडर पुसून-चकाकून ठेवल्या आहेत. तिथे इंजिनं बंद आहेत, त्यामुळे मिक्स्चरचा प्रश्न येत नाही.

माझ्या दारात तो रोज येतो, कारण सगळ्यात नवा हुकूम टाकीतूनच आला आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातला काही भाग आपल्या कोल्हापूर-सांगली-नगरच्या उसातून येतो, त्यामुळे घरच्यांना बोल लावायची पंचाईत. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एका ग्रॅमला नऊच ग्रॅम हवा पुरते. वीस टक्के मिसळलं की १४.७ चा आकडा साडेतेराच्या घरात उतरतो. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून आपोआप तेल वाढवतो. सोलेक्सला काही कळत नाही. १९७३ नंतर लोकांनी हौसेनं केलेलं पातळ मिक्स्चर आता न मागता पदरात पडतं, चढावर तोच जुना फटका ऐकू येतो, आणि जुन्या रबराच्या नळ्या व डायफ्राम फुगतात ते वेगळंच. स्क्रू फिरवून आयडलिंग सावरतं. रस्त्यावरच्या चालीला जेटच मोठा हवा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० च्या जागी १२५ घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, आणि गरजही साधारण तेवढीच आहे. गोखले मार्केटमध्ये १२५ मागितला तर पोरगा खोके उपसून म्हणाला, "आंटीजी, एक सौ बीस ले जाओ, रीमर मार लेना." मी दोन घेतले आहेत, एकावर हात बसवायला आणि एक गाडीला.